तुटक रेघ

एकतीस वर्षं मी ही नदी काढली.
पर्जन्यजल खातं, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल,
शाईचं बारीक पेन, झिरो पॉइंट तीन.
उद्यानाच्या भिंतीपर्यंत सलग निळी रेघ,
तिथून पुढे तुटक, आणि शेजारी
माझ्याच वळणदार अक्षरात: नाला.
पाय एकदाही ओले झाले नाहीत.

निवृत्तीनंतरच्या कार्तिकात निघाले.
पाठीवर मुलीने पाठवलेली सॅक,
पट्टे इतके, की ती आधी नेसावी लागते.
मुलगी तिकडे जर्मनीत, एका खेड्याजवळ.
रविवारी रान तुडवते, दलदल,
नदीकाठची पुराची कुरणं.
फोनवर म्हणाली, आई, इथे झाडांवर पिवळे त्रिकोण असतात,
एक मागे पडला की दुसरा दिसतो,
माणूस हरवूच शकत नाही.
म्हटलं, मग जाता कशाला?

पाड्यावरून बारकू वरठा सोबत आला.
त्याच्या खुणा झाडांवर नव्हत्या, झाडंच होती:
वाकलेला ऐन, मग बिबट्याने नखं घासलेला काकड,
मग एके ठिकाणी म्हणाला, इथून आवाज बदलतो,
आणि बदलला.
पाणी पानांखालून चाललं होतं,
बोलणं थांबवलं तरच ऐकू येईल एवढं.
कारवी नुसतीच हिरवी उभी.
कधी फुलेल, विचारलं, तर त्याने बोटं मोजली:
पाच झाली. तीन राहिली.

वर सडा.
काळा कातळ, गुडघाभर गवत,
रंग जुन्या ट्रेसिंग पेपरचा.
वारा एवढा, की टोपी हातात धरून चालले.
कातळातल्या वाटीभर पाण्यात
सीतेची आसवं, शेवटची चार-पाच,
आणि पलीकडे अर्धवट टॉवर, क्रेनसकट.
नकाशात इथे फक्त सात रेघा होत्या,
एकमेकींना न शिवणाऱ्या.
मी तिसरीवर बसून डबा खाल्ला.

भिंतीच्या भगदाडापाशी बारकू थांबला.
इथून खाली तुमची नदी, म्हणाला.
'तुमची'वर जोर होता की नव्हता,
अजून ठरवता आलेलं नाही.

भिंतीपलीकडे झाडांवरही खुणा सुरू झाल्या,
लाल रंगात आकडे.
चारशे बारा, चारशे तेरा, चारशे चौदा.
एक मागे पडला की दुसरा दिसत होता.
रस्ता रुंद होणार आहे.
चारशे सतरानंतर एकदम चारशे एकवीस;
मधले तीन सापडले नाहीत,
भुसा सापडला.

मग तबेले, गोधड्या वाळत घातलेला बांध,
पाण्याला शेणाचा आणि साबणाचा वास.
झैतूनआपांनी बसायला पाट दिला.
दाराच्या चौकटीला खिळे ठोकलेले, वर-खाली.
हा सव्वीस जुलैचा. हा त्याच्या आदल्या पुराचा.
हा मधला? हा पाण्याचा नाही,
नातू सहा वर्षांचा झाला तेव्हाचा.
कुठून आलात, विचारलं.
नदीनदीने आले, म्हटलं.
त्या हसल्या. नदी तर पावसात येते हो,
बाकी वर्ष हे असंच.
चहा साखरेचा पाक होता. दोन कप प्यायले.

खाजणात उन्हं कलली.
तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली,
कुणीतरी पेन्सिली टोचून ठेवल्यासारखी.
निवटे डोळे वर काढून बघायचे आणि बुडायचे.
रेघ कुठे संपते ते दिसेना,
पाणी सगळीकडेच होतं, थोडंथोडं.
डावा पाय घोट्यापर्यंत गेला,
बाहेर आला तो बुटाशिवाय.

खाडीतल्या होडीतून कुणी हाक मारली,
ओ बाई, वाट चुकलात का?
मी हात वर केला. त्याला काय समजायचं ते समजलं असेल.
चिखल गार होता.
भरतीला अजून दीड तास होता.