रिकामा रकाना

तळघरात अठरा अंश, ओलावा मोजून पन्नास टक्के,
शाईचं पेन वर्ज्य, शिसपेन चालते.
माझ्यापुढे मॅरो क्रीक विद्यापीठाची
पहिली प्रवेशवही, सन अठराशे एकोणसत्तर.
पाठीला वासराचं कातडं, कडा उंदरांनी चाखलेल्या.

वही ऑल्बनीच्या बाजारातून तयार आणलेली,
रकाने आधीच छापलेले:
नाव, वय, गाव, पंथ.
चौथ्यावर आसाहेल प्रूडनने
स्वतः पट्टी ठेवून रेघ मारली.
पट्टी मध्येच सरकली आहे.
घाई असेल, हात कापला असेल,
किंवा मिठाचा व्यापारी, वजनाची सवय, रेघांची नव्हे.

म्हणतात (या तळघरात सगळं "म्हणतात"नेच सुरू होतं)
त्याची धाकटी बाप्तिस्म्याआधीच गेली
आणि गावातल्या तीन चर्चपैकी एकानेही
तीन फूट जमीन दिली नाही.
कालव्याकाठी पुरलं तिला,
मग तिच्याभोवतीची चाळीस एकर विकत घेतली
आणि त्यावर कॉलेज बांधलं.
सनदेत एकच वाक्य त्याच्या हातचं,
बाकी सगळं वकिलाचं:
"इथे कोणी कोणाला विचारू नये
तू गुडघे कुठे टेकतोस."

पायाभरणीला एकही पाद्री फिरकला नाही.
नारळ फोडायची इकडे रीत नाही,
गवंड्याने तळहातावर थुंकून हात चोळले
आणि दगड बसवला.

एवढंच असतं तर शताब्दीची स्मरणिका पुरली असती.
आहेच ती, गुळगुळीत कागदाची, खोका नऊ.

खोका अकरा: ल्यूशियस गेदर, १८९१, गणितात पहिला.
वर्गात बाक मिळाला, वसतिगृहात खाट नाही.
चार वर्षं परटिणीच्या माळ्यावर
गरम इस्त्रीच्या वासात कलनशास्त्र शिकला.
सनद गुडघ्यांबद्दल बोलली होती,
कातडीचं कुणी काढलंच नव्हतं.
मुली १९०८ पर्यंत मागच्या जिन्याने.

खोका चौदा, १९२४: अर्जाचा नवा नमुना.
पंथ? छे छे, सनद आहे ना.
फक्त आईचं माहेरचं आडनाव,
आजोबांचं जन्मगाव,
घराण्यात कुणी नाव बदललं होतं का,
आणि एक फोटो, चेहरा समोरून.
मेंडेल झुकरमानला डीनसाहेबांचं उत्तर,
अत्यंत सभ्य, एका ओळीचं:
"या वर्षी जागा भरल्या."
कार्बन प्रती मोजल्या मी. शहात्तर.
तारीख तीच, ओळ तीच, वरचं नाव तेवढं वेगळं.

मग चहा प्यायला वर गेले.
ही युक्ती मला इंग्रजीतून शिकावी लागली नव्हती.

परवाच्या स्नेहसंमेलनात
रॉचेस्टरहून आलेल्या काकू,
तुपाचा हात पदराला पुसत:
"नाव काय गं?"
सुमेधा.
"पूर्ण?"
सुमेधा उत्तम.
"ते वडिलांचं झालं. आडनाव?"
आणि मग, काय गोड आवाज,
"गाव कुठलं? अय्या, आमच्या जवळच!
गावात कुठे पण, कुठल्या अंगाला?"
मी म्हटलं, कटाची आमटी फार छान झालीय.

आज वहीची नोंद संगणकात भरायची.
रकाना एक, दोन, तीन भरले.
चौथ्यातला मजकूर: काही नाही.
संगणक ऐकत नाही. लाल चांदणी लावतो,
ही माहिती आवश्यक आहे.
"नाही" लिहावं तर ते उत्तर झालं.
"अज्ञात" लिहावं तर वाटेल,
विचारलं आणि कळलं नाही.
प्रूडनने विचारलंच नव्हतं.

बराच वेळ बसून राहिले.
वर कुणाचा तरी तास सुटला, खुर्च्या सरकल्या.
मग कळफलकावरची लांब पट्टी दाबली, एकदाच.
एक मोकळी जागा.

संगणकाने ती मुकाट्याने घेतली.