रात्रीचं दूध

ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारीतच उगवतो.
मधली दुपार म्हणजे खिडकीपाशी तासभर
निळसर काहीतरी,
मग तेही पुसलं जातं.

तिसऱ्या मजल्यावर आम्ही दिवस हातानं करतो.
सकाळी सातला अर्ध्या काचपेट्यांवरची दुपटी काढायची,
संध्याकाळी सातला पुन्हा घालायची: ही आमची दिवेलागण.
उरलेल्या अर्ध्यांना आठही प्रहर एकच अंधूक,
ना उजाडत, ना मावळत.
कोण कुठे, हे बंद पाकीट ठरवतं.
मारेतच्या मुलीच्या पाकिटातून अंधूक निघालं.

सत्ताविसाव्या आठवड्यात आलेली,
नऊशे ऐंशी ग्रॅम, नाव अजून नाही.
सही करताना मारेतच्या दातांत पेनचं टोपण होतं.
"म्हणजे हिला सकाळच नाही?"
"इथे कुणाला आहे?" तोरब्योर्ग म्हणाली.
दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

माझं काम श्वास मोजायचं.
रेघ चढते, उतरते, चढते,
चार-पाच बुटक्या टेकड्या, मग सपाट.
सपाट.
मी मनात आकडे म्हणते, नऊ, दहा, अकरा,
आणि बहुतेकदा ती आपणहून परत येते,
अर्ध्या वाटेवर काही आठवल्यासारखी.
विसाला यंत्र ओरडतं.
त्याआधीच तोरब्योर्गचं बोट आत शिरलेलं असतं,
तळपायावर हलकेच फिरतं:
अगं, घ्यायचा असतो तो.
आईच्या पोटात हे काम नव्हतंच तिला.

रोज सकाळी नळीतून कॅफीन,
आणि मारेतच्या हातात काळ्या कॉफीचा मग.
"मायलेकी एकाच गोष्टीवर तगलोय," ती म्हणते.

डोळ्यांच्या मागे कुठेतरी
खसखशीच्या दाण्याएवढं घड्याळ असतं म्हणे.
नऊ महिने त्याला किल्ली देते आईचं अंग,
तिची झोप, तिचं उठणं, तिची भूक.
हिची किल्ली सत्ताविसाव्यातच हातातून सुटली.

सहाव्या आठवड्यात अंगाच्या तापमानाची रेघ वाकली.
रात्री दोनला तीळभर खाली,
दुपारी तीळभर वर.
दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.
मी तारा बदलल्या. मग यंत्रच बदललं.
मग फ्रीज उघडला.

बाटल्यांवर मारेतचं अक्षर:
रात्री ३. दुपारी १. पहाटे ५.
रात्रीच्या बाटल्यांवर पेन्सिलीनं काढलेली चंद्रकोर.
"रात्रीचं रात्री देते, दिवसाचं दिवसा,"
तोरब्योर्ग हात पुसत म्हणाली,
"कुणी सांगितलं नव्हतं. पण उलट द्यायचं का?"
नियमावलीची बेचाळीस पानं मी पुन्हा चाळली.
उजेडाचं सगळं होतं, मापासकट.
दुधावर एक ओळ नव्हती.

प्राध्यापक हाल्वोर म्हणाले, एक बाळ म्हणजे पुरावा नव्हे.
खरंच आहे.
योगायोगही असेल. शेजारच्या पेट्यांवरची दुपटी काढतानाचा
आवाजही असेल.
"इतर" या रकान्यात मी लिहिलं: दूध.
रकाना तसाही लहान असतो.

एकवीस जानेवारीला सूर्य आला.
सगळे पश्चिमेच्या जिन्यात धावले,
हातात जॅम भरलेले गोल पाव,
तोरब्योर्गच्या हनुवटीला साखर.
मी एकटीच पडद्यापाशी.
टेकडी, टेकडी, सपाट.
दहा.
जिन्यातून ओरडण्याचा आवाज, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
चौदा, पंधरा.
मला शिवायची परवानगी नाही,
मी मोजणारी.
सोळा.

तळपाय माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा,
आणि गरम. इतका गरम असेल असं
आकड्यांवरून वाटलं नव्हतं.

नोंद: सतरा सेकंद.
श्वास परतण्याचं कारण: मी कोरं ठेवलंय.