दोन हिसके

बेलार्मिनो नाउएलकिन, वय एकसष्ट,
केयोनच्या धक्क्यावरचा पाणबुड्या.
चाळीस वर्षं तोंडात पिवळी नळी धरून
तळाशी एरिझो वेचत फिरला.
वर होडीत काँप्रेसर धडधडायचा,
नळीच्या दुसऱ्या टोकाशी मेहुणा बसायचा.
एक हिसका म्हणजे ठीक आहे,
दोन म्हणजे ओढ.

तेव्हा नळीचं त्याला नवल नव्हतं.
सोळा दिवस ती घशात होती,
यंत्र त्याच्या वतीनं श्वास घेत होतं,
आणि त्याची बायको ओतिलिया सांगते,
गुंगीतसुद्धा त्याची बोटं हलत होती
खडकावरून काही खरवडल्यासारखी.

मग नळी निघाली. छाती आपली आपण चालू लागली.
सगळ्यांना वाटलं, आला वर.

मी येते ती त्यानंतर.
एक चमचा, थोडा बर्फाचा चुरा, आणि स्टेथोस्कोप,
जो मी काळजावर नाही, गळ्यावर ठेवते.

माणूस काय काय गिळतो.
राग गिळतो. दलालानं पाडलेला भाव गिळतो.
आवंढा गिळून थोरल्या भावाची शवपेटी खांद्यावर घेतो.
एवढं सगळं पचवलेला माणूस
चमचाभर पाण्यापुढे थबकला.
कंठमणी वर जायला निघाला आणि अर्ध्यातच राहिला.
पाणी गेलं.
ठसका नाही, डोळ्यांत टिपूस नाही.
ओतिलियानं टाळी वाजवली.

मी म्हटलं, "आ" म्हणा.
आवाज आला तो ओला,
होडीच्या बुडात पाणी शिरल्यावर फळ्या बोलतात तसा.
ठसका न लागणं, त्याचीच मला भीती.
इतक्या वर्षांत समुद्राला जे जमलं नाही
ते कोरड्या चादरीवर
एक चमचा गुपचूप करू शकतो.

दुसऱ्या दिवशी नाकातून बारीक कॅमेरा उतरवला.
पडद्यावर स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या कडा,
नळीनं घासून लाल झालेल्या,
आणि शेजारी साचलेली लाळ,
ओहोटीनंतर खडकांत मागे राहिलेल्या डबक्यासारखी.
तो एकटक बघत राहिला.
त्याला तळ वाचता येतो.

खाटेवर पाटी लागली: तोंडानं काही नाही.
ओतिलिया तरी रोज चोल्गांचं सूप थर्मासमधून आणायची,
नुसतं झाकण उघडून त्याच्या नाकाशी धरायची,
पुन्हा घट्ट लावायची.
मी फाईलमध्ये काहीतरी लिहीत असायचे.

लहानपणी ठसका लागला की आई पाठीवर थापटायची:
वर बघ, वर बघ, पाखरू!
मी त्याला उलटं शिकवत होते.
हनुवटी खाली. छातीकडे.
कपारीत हात घालताना बघता ना, तसं.
आता गिळा, जोर लावून, रिकामंच गिळा.
पुन्हा.
एकदा तो फार चिडला, चमचा भिंतीवर आपटला,
त्या दिवशी मी लवकर घरी गेले.

नवव्या दिवशी घट्ट केलेल्या पाण्याचा पहिला चमचा
आणि ठसका!
दणदणीत, खाट हलवणारा.
नर्स धावत आली. मी हसत होते,
ती माझ्याकडे बघतच राहिली.
काय सांगू तिला,
दारावरचा कुत्रा भुंकला होता,
इतके दिवस चोर आत शिरताना झोपलेला.

थोड्या वेळानं दुसरा चमचा.
हनुवटी खाली. कंठमणी निघाला,
अडखळला,
पोचला.
"आ" म्हणा.
आवाज कोरडा. वाळूसारखा कोरडा.

त्यानं माझी बाही धरली
आणि दोन हिसके दिले.

मी खाटेचं डोकं आणखी वर केलं,
उशी सरकवली, खांद्याखाली हात घालून
त्याला वर ओढून घेतलं.
त्यानं मान हलवली. ते नाही.
नखं झिजलेलं बोट उचलून
खिडकीतल्या थर्मासकडे दाखवलं.

थर्मास अजून तीन आठवडे लांब होता.