दोन अक्षरांचे पैसे

दर अक्षरामागे होता: दोन पौंड चाळीस,
सोनेरी रंग वेगळा, स्वल्पविराम फुकट.
पूर्णविराम ॲक्रॉइड कोरतच नसे.
म्हणे, खाली माणूस आहे, तेवढा पुरे.

मी सतरा वर्षांची. कॅल्डरकाठच्या त्या शेडमध्ये
दिवसभर छिन्न्यांना धार लावायची,
नाकातोंडात दगडाची भुकटी,
आणि शाळेत इंग्रजीत नापास.
माझीच भाषा, तिच्यातच.

मंगळवारी मिसेस ओल्ड्रॉइड आली.
हातात गॅसच्या बिलाचं पाकीट, त्यावर पेन्सिलीनं
हॉरेस ओल्ड्रॉइड, जन्माचं साल, मरणाचं साल,
आणि खाली: ही वेंट क्वाएट.

सोबत नणंद, आयडा. एकतीस वर्षं मास्तरीण.
हातमोजा न काढताच तिनं शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.
"क्वाएट-ली. वेंट हे क्रियापद आहे, एडिथ,
क्रियापदाला क्रियाविशेषण लागतं.
धुरानं काळा पडलेला आपला दगड, त्यावरची रेघ.
अख्खं चॅपल वाचेल, दर रविवारी."

ॲक्रॉइडनं चष्मा कपाळावर ढकलला.
"बाई, काल माझं दूध वेंट सावर.
सावर-ली म्हणू?
दूध आंबट झालं हो.
आंबटपणे उठून दाराबाहेर नाही गेलं."

मला हसू फुटलं. मास्तरणीला नाही.

मग तो एडिथकडे वळला, जरा खालच्या आवाजात.
"दोन्ही बरोबर आहेत. पण माणसं दोन आहेत.
ली लावलं तर तो गेला, हूं की चूं न करता गेला.
ते शेपूट जाण्याला चिकटतं.
नाही लावलं तर तो गप्प झाला.
शब्द मग त्यालाच चिकटतो, अंगाला, कातडीसारखा.
तुमचा कुठला?"

बाहेर लॉरीतून फरश्या उतरत होत्या.
ती आमच्याशी नाही, कोऱ्या दगडाशी बोलली.

"बँडमध्ये युफोनियम वाजवायचा.
गिरणी बंद झाली त्या ऑगस्टात
वाद्य पेटीत घातलं, पेटी जिन्याखाली.
त्यानंतर सहा वर्षं
चहा? मान. मीठ? मान.
मुलीच्या लग्नात भाषण करायचं होतं, तिथंही मानच.
आणि जाताना म्हणाल,
तर हॅलिफॅक्सच्या वॉर्डात
त्यानं नर्सच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.
सलाईन उपसून काढलं.
माझं नाव घेऊन ओरडला, दोनदा.
लोक म्हणाले, किती वाईट झालं.
मला," ती थांबली,
"मला इतकं बरं वाटलं."

आयडानं हातमोजा काढला. एकच.
"हे तू सांगितलं नव्हतंस."
"तू व्याकरण विचारलंस," एडिथ म्हणाली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
शेवटी आयडानंच पेन्सिल उचलली,
आपण वर घातलेलं ली खोडलं,
इतकं दाबून, की पाकीट फाटलं.

तो टी मी कोरला. माझं पहिलं अक्षर.
उभी रेघ किंचित डावीकडे कलली आहे,
ॲक्रॉइडनं पाहिलं आणि पैसे कापले नाहीत.

आता शेड माझी.
वर्षातून एकदा तरी कुणी शिकलेला माणूस
चॅपलच्या आवारातून तरातरा येतो,
तिसऱ्या रांगेत चूक आहे म्हणतो.
मी आधी चहा टाकते. मग दुधाचं सांगते.
काहींना पटतं.

संध्याकाळी कधी त्या बाजूनं गेले तर पाहते:
शेवाळ अक्षरांत धरलंय, एडिथ ते खरवडायची,
आता कुणी खरवडत नाही.
टीच्या पुढं मात्र दगड साफ.
शेवाळालाही तिथं
पाय रोवायला काही दिलेलं नाही