कठडा

कासावलीला एर्मेलिंदाबायच्या घराचं काम होतं.
मागल्या पडवीवर स्लॅब, दोन खांब, बाकी किरकोळ.
ती निवृत्त मास्तरीण, पाय सुजलेले,
बाल्कांवातल्या सोप्यावर बसून आमच्यावर नजर ठेवी,
तीस वर्षं चौथीच्या वर्गावर ठेवली तशीच.

चहाला उंडे मोडून देताना प्रश्न टाकायची:
"मेस्ता, सांग, एदेनच्या बागेत हव्वेनं काय खाल्लं?"
सफरचंद. ते तर चित्रातसुद्धा असतं.
"फळ. एवढंच लिहिलंय, फळ.
सफरचंद मागाहून लोकांनी आणलं.
चिकूही असेल, कोण जाणे.
न पाहिलेल्याची साक्ष देऊ नये माणसानं."
आणि माझ्या बशीत एक चिकू.

सहा जानेवारीला टेकडीवर तीन राजे चढले,
तीन मुलगे, मखमली झगे,
घोड्यांना उन्हाचा घाम.
संध्याकाळी तिनं विचारलं, "राजे किती?"
तीन. आत्ताच पाहून आलो, बाय.
"पुस्तकात आकडाच नाही. राजे होते असंही नाही.
भेटी तीन, म्हणून आपण माणसं तीन धरली.
आणलेलं मोजतो आपण.
आलेल्यांना कोण मोजतं?"
नाताळात तिच्या मुलाचे स्विंडनहून तीन खोके आले होते.
अजून कोपऱ्यात, दोरीसकट.

स्लॅब पडला. मी म्हटलं, कठडा नंतर बघू,
वर कोण चढतंय?
तिनं चष्मा लावला, पुस्तक मांडीवर घेतलं.
मोशेचं नियमशास्त्र, बोटानं ओळ शोधत:
नवं घर बांधशील तर छताला कठडा घाल,
नाहीतर कोणी पडलं
तर त्याचं रक्त तुझ्या घरावर.
"बघ, यज्ञ, वेदी, सण, सगळं सांगून झालं,
तरी देवाला गच्चीची काळजी.
प्रवचनात हे कोणी वाचत नाही."

मी थापी धूत राहिलो.
म्हापशाचं तिला सांगितलं नव्हतं.
तिथं मालक म्हणाला, नंतर.
मीही म्हणालो, नंतर.
सोमाय, दुमक्याचा, एकोणीस वर्षांचा,
मे महिन्यात उकडतं म्हणून वर निजायला गेला.
बाप आला, अंगठा देऊन ऐंशी हजार घेऊन गेला.
आठवड्यात तिथं स्टीलचं रेलिंग चमकत होतं.

तिला काय ठाऊक. तिला आणखी एक आठवलं:
"युतुख नावाचा पोरगा. पौल बोलतोय,
मध्यरात्र, खोलीत दिवेच दिवे,
हा खिडकीत बसलेला, पेंगला,
तिसऱ्या मजल्यावरून खाली.
उचलला तर मेलेला.
पौल उतरला, त्याला कवटाळलं,
म्हणाला, घाबरू नका, जीव आहे.
मग वर जाऊन भाकर मोडली
आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला!"
ती हसली. "पाद्रीबाबांना सांगायला हवं,
फार लांबवू नका."

मी विचारलं, "खिडकीला गज नव्हते?"
"लिहिलेलं नाही."
"इतकी माणसं होती, बाय.
पोरगा पेंगतोय हे एकालाही दिसलं नाही?
त्याला कोणी आत ओढला नाही?"
ती हसायची थांबली.
चष्म्याच्या वरून बराच वेळ पाहिलं तिनं.
"तेही लिहिलेलं नाही," म्हणाली,
आणि उरलेला उंडा माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी चिरे आणले,
साडेतीन फूट, चहूबाजूंनी.
पैशाचं तिनं दोनदा काढलं, मी दोनदा विषय बदलला.
तिचे पाय त्या जिन्यावर कधीच चढणार नव्हते,
हे दोघांनाही माहीत होतं.

सात दिवस रोज पाणी मारायला गेलो.
आठव्या दिवशी कठड्यावर छाती टेकून
सगळं वजन टाकलं. हलला नाही.
खाली अंगणात एर्मेलिंदाबाय
भाजीची सुरी घेऊन
पहिल्या खोक्याची दोरी कापत होती.