आईकडची लाईन

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढली
शेंगदाण्यासारखी आकृती, आत घड्याच घड्या,
म्हणाल्या, पेशीतली वीज इथं तयार होते.
मी म्हटलं, मॅडम, मी लाईनमन, आर्वी उपविभाग,
सावकाश सांगा, समजेल मला.

एकेका पेशीत शेकडो डीपी.
प्रज्योतच्या निम्म्या जळालेल्या,
म्हणून शाळेची तिसरी पायरी येता येता
त्याच्या मांड्यांचं भारनियमन सुरू होतं.
पापण्या तर सकाळीच अर्ध्यावर,
सिंगल फेजवरच्या बल्बासारख्या.

हे आईकडून येतं, म्हणाल्या. फक्त आईकडून.
मित्रानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.
सासू एसटीत कारंजापर्यंत गप्प,
तळेगावला उतरून पाणी प्याली, मग बोलली,
"तुयाच माहेरचं हाय हे. म्या तं म्हटलंच होतं."

काहून गप्प बसलो मी तेव्हा?
त्याच आईच्या पोटचा मीही,
रात्री पायात गोळे येतात ते उगाच नसतील.
फरक एवढाच, माझ्यापाशी शेवटचा पोल,
माझ्या पोरीकडे तार जातच नाही.
मित्राकडून गेली.
तिचा गुन्हा तो कोणता, माझी पुण्याई ती कोणती?

सध्याच्या गोळ्या म्हणजे नुसतं वंगण.
त्यातली एक अशी पिवळी
की पोट्टं मोरीतून ओरडत येतं, "मामा, हळद!"
आणि हसत सुटतं.
हसायलाही वीज लागते. मी मनात युनिट मोजतो.

एक नवं औषध येऊ घातलंय म्हणे,
अजून उंदरांतच आहे.
डीपीच्या आत असतो ऋण भार,
म्हणून औषधाला धन शेपूट जोडायचं,
मग ते पेशीभर हिंडत नाही,
दोन्ही भिंती ओलांडून ओढलं जातं
नेमकं बिघाडाच्या जागी.
हे मला एका झटक्यात कळलं.
बाई पुढं टक्के सांगत होत्या, वर्षं सांगत होत्या,
मी खिडकीतून ट्रान्सफॉर्मर पाहत होतो.

परवा त्याला शाळेत सोडलं.
खांद्यावर घेतलं नाही, मागे उभा राहिलो.
तिसऱ्या पायरीवर तो थांबला, भिंतीला हात टेकला.
लाईन येईस्तोवर थांबायचं,
हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

तिथून थेट मित्राच्या घरी.
सासूबाई ओसरीत तूर पाखडत होत्या.
पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली,
वाळकी पोटरी त्यांच्यापुढं धरली,
म्हटलं, पाहून घ्या मावशी,
हेही त्याच घरचं.