तोंडात तीळ

सोमवार. निपाणीचा दवाखाना बंद,
कपाटांना मात्र सुट्टी नाही.
वखारीमागच्या खोलीत आम्ही चौघं,
मधे टेबल, टेबलावर प्रज्वलचा लॅपटॉप,
आणि एकोणतीस वर्षांचा खोकला
फायलींत, दोन लिप्यांत.

डॉक्टर पट्टणशेट्टी कानडीत लिहायचे, मी मराठीत,
औषधांची नावं दोघांचीही इंग्रजीत.
ज्या ओळी कुणी वाचू नयेत असं वाटायचं
त्या दोघांच्याही पेन्सिलीनं.

प्रज्वल बेळगावचा, उद्यमबागेत नोकरीला.
सांगतो, मॉडेलं तीन आहेत.
एक समुद्रापलीकडचं, फार हुशार.
एक बेंगळूरचं, सरकारी कागदांना सरावलेलं.
तिसरं या डब्यात, बुटांच्या खोक्याएवढ्या,
वायर फक्त विजेची, बाहेर कुठंच जात नाही.
कुठलं कपाट कुणाला उघडायचं
तेवढं तुम्ही ठरवा.

खजिनदार मुजावरांनी आधी विचारलं, फुकट कुठलं?
हुशार फुकट होतं.
मग तेच आधी बाजूला ठेवा, मुजावर म्हणाले.
पन्नास वर्षं तंबाखूच्या व्यापारात गेलीत त्यांची.

गंगव्वानं पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं.
हिरवी: कुणीही वाचावं. लशीचे वार,
तंबाखू चाळताना तोंडाला फडकं कसं बांधावं, ते.
पिवळी: फक्त डब्यानं.
लाल: कुणीच नाही.
आणि लाल नेमक्या संपलेल्या,
त्याच ती रोज लावते.

नावं खोडली की झालं ना, मी म्हटलं.
प्रज्वलनं एक खोटी फाईल रचली, कुणाचीच नसलेली.
नाव नाही, वय नाही.
तीन मुली. नवऱ्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत.
दिवसा हजार विड्या, रात्री धाप.
विचारलं, ही कुठली असेल?

हुशारानं गल्ली सांगितली.
नुसती गल्ली नव्हे, का ते पण, नम्रपणे, मुद्देसूद.
बाई खोटी होती, गल्ली खरी आहे.
बेंगळूरच्यानं आधी कलम सांगितलं, मग तालुका.
डबा म्हणाला, मला माहीत नाही.
बरं वाटलं आम्हाला.
मग त्यालाच विचारलं,
'दम कोंडायलाय' म्हणजे काय रे?
डबा म्हणाला, मला माहीत नाही.

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
बाहेर ऊसाचा ट्रॅक्टर गेला, कानडी गाणं लावून.

मला तवनाप्पा आठवला.
सव्वीस वर्षं त्यानं या फायली उचलल्या, ठेवल्या.
दोन्ही लिप्या यायच्या त्याला,
आम्हाला वाटायचं एकही येत नाही.
त्याच्या तोंडात तीळ भिजायचा, फुगायचा,
मोड आला तरी ओठ मिटलेले.
बाजारात तो समोरून आला तर
बायका वाट बदलत नसत.
याहून मोठं प्रमाणपत्र मी पाहिलं नाही.

एकदाच बोलला.
बसस्टँडवर, एका बाळंतिणीच्या सासूला:
पोराचं रक्त तपासा, आजच्या आज.
का, ते सांगितलं नाही.
पोर आता अकोळला रिक्षा चालवतं.
नियमानं तवनाप्पाला नोटीस द्यायची होती.
मी लिहिली, दोन्ही भाषांत,
आणि दिली नाही.

ठराव झाला.
हिरवं तिघांनाही, पिवळं डब्याला,
डब्याला आमची बोली शिकवायची, महिन्यातले दोन रविवार.
लाल कपाटाची किल्ली माझ्याकडे.
गप्प कुणी बसायचं ते ठरलं.
बोलायचं कधी, यावर कुणी विषय काढायच्या आत
चहा आला.

नोटीस अजून माझ्या हातातच होती.
गंगव्वानं वाचली, किंवा वाचली नाही,
कपाळावरची काढून तिच्यावर लावली.
सकाळपासूनची टिकली, गोंद सुकलेला.
मी दोनदा दाबली अंगठ्यानं.
एक कड वरच राहिली.